पहिलं पाऊल कुणी पाहिलं?

मित्रांनो, बडनेऱ्याच्या खुर्शीदबींच्या पाळणाघरात भिंतीला टेकून एक जुना पांगुळगाडा उभा असतो, तोच मी. तीन लाकडी चाकं आणि धरायला एक आडवी दांडी, एवढाच माझा संसार. माझं डावं चाक घासलेलं आहे, त्यामुळे मी जरा लंगडतो. दुसऱ्यांना चालायला शिकवणारा स्वतःच लंगडा, असं म्हणून पुष्कळ जणांनी मला हसून घेतलं आहे. हसोत बापडे. माझी दांडी धरून उभी राहिलेली पोरं आज कुठे कुठे धावत असतात, ते मला ठाऊक आहे.

मला डोमाजी सुतारांनी घडवलं. एरवी ते बैलगाडीची चाकं आणि वखरं बनवत, पण शेतांत ट्रॅक्टर आले तसं त्यांचं ते काम कमी होत गेलं. एका वखरातून उरलेल्या बाभळीच्या लाकडाला त्यांनी माझा आकार दिला. रेल्वेत नोकरीला असलेले खुर्शीदबींचे नवरे रऊफमियाँ त्यांचे स्नेही. त्यांचा इमरान तेव्हा नुकताच रांगू लागला होता. डोमाजींनी माझ्या दांडीवरून स्वतःचा तळहात पुन्हा पुन्हा फिरवून कुठे टोचत नाही ना ते पाहिलं आणि मला सायकलला बांधून बडनेऱ्याला आणून दिलं.

इमरान माझा पहिला विद्यार्थी. त्याने मला पाण्याच्या माठावर नेऊन आदळलं होतं, ते मी अजून विसरलेलो नाही. तो चालला, शिकला आणि नोकरीसाठी पुण्याला गेला. पुढे रऊफमियाँ वारले. घर खायला उठायचं, म्हणून खुर्शीदबींनी शेजारच्या बाईचं पोर सांभाळायला घेतलं. एकाची दोन झाली, दोनाची पुष्कळ झाली, आणि खुर्शीदबी सगळ्यांच्या खाला, म्हणजे मावशी, झाल्या. सीमा नावाची एक पोरगी हाताखाली आली. तेव्हा माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! आया मला पाहून म्हणत, ‘असा गाडा आता पाहायलाही मिळत नाही.’

पण कौतुक काही कायम टिकत नसतं. कुणीतरी एक प्लास्टिकचा वॉकर आणला. त्यात पोर बसवायचं आणि बटण दाबलं की गाणी वाजायची. मला मागच्या छपरीत कूलरच्या जुन्या जाळ्यांशेजारी टाकून दिलं. शेजारची कोंबडी माझ्या दांडीवर बसायची आणि मी मनातल्या मनात कुढायचो. नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं की असल्या वॉकरमधून पोरं उलटतात. खालांनी त्याच दिवशी तो भंगारात काढला आणि मला धुऊन, चाकांना तेल घालून आत आणलं. त्या दिवशी मी लहान पोरासारखा खूश झालो होतो.

आता आमच्या पाळणाघराचा एक नियम सांगतो, कारण पुढे जे झालं ते त्या नियमामुळेच झालं. एकदा ज्योत्स्नाबाई नावाच्या शिक्षिकेचा देवानंद माझी दांडी सोडून आपला आपण चालला. खालांना आनंद आवरेना. संध्याकाळी त्यांनी दारातच सांगून टाकलं. ज्योत्स्नाबाई हसल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडू लागल्या. ‘मीच नव्हती ना इथं, मीच नव्हती,’ एवढंच म्हणत राहिल्या. ते पाहून खालांच्या काळजाला घरं पडली. त्या सीमाला म्हणाल्या, “आजपासून कोनतंई पोरगं चाललं, तं आपुन काई पाह्यलं नाई. पयलं पाऊल मायच्या डोयासमोर पडलं पायजे.”

तेव्हापासून पोरं चालायची माझ्यासमोर, आणि आम्ही सगळे चिडीचूप. चार-दोन दिवसांत आई नाचतच यायची, “खाला, आज चालली ना आमची!” खाला तोंडावर हात ठेवून म्हणायच्या, “या अल्लाह, खरंच?” आणि पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. असं नाटक नाटक-मंडळीलाही जमणार नाही. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. आई सुखात, खाला सुखात आणि मीही.

आणि मग आरती आली. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात ती माल तपासायचं काम करायची. तिचा नवरा नितेश रेल्वेत. बाळंतपणाची रजा संपून गेलेली, मदतीला आलेली आई माघारी गेलेली. कडेवर लेक आर्वी. आजोबा म्हणे नातीची चेष्टा करत, ‘गावाचं नाव ठेवलं पोरीले! उद्या दुसरी झाली तं तिचं नाव पुलगाव ठेवा.’ हे सांगताना आरती हसली खरी, पण तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने आधी दोन ठिकाणं पाहिली होती. एकीकडे भिंतीभर चित्रं होती, मोबाइलवर पोर दिसायची सोय होती, पण तिला ऑफिसच्या पुढे पाऊल टाकू दिलं नाही. दुसरीकडे सगळी पोरं टीव्हीसमोर इतकी गप्प बसली होती की ती घाबरून बाहेर पडली.

आमच्याकडे ती न सांगता, ऐन दुपारी आली. स्वयंपाकघर पाहिलं, मोरी पाहिली, दाराची कडी वर आहे ना ते पाहिलं. खालांनी तिला सगळीकडे फिरू दिलं. मग तिने आर्वीला जमिनीवर ठेवलं. आर्वी रांगत थेट माझ्याकडे आली, माझी दांडी धरली आणि उभी राहिली. आरती बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. “इथंच ठेवतो मी तिले,” ती म्हणाली. मित्रांनो, आईने पाळणाघर निवडलं म्हणजे तिचं ओझं उतरलं, असं लोकांना वाटतं. मी रोज दारात आया पाहतो. ओझं उतरताना मला अजून कुणाचंच दिसलेलं नाही.

उन्हाळा सरला, पावसाळा आला. एके दिवशी जेवणानंतर आर्वीने माझी दांडी सोडली. क्षणभर डुलली आणि खालांच्या पलंगापर्यंत चालत गेली. तिथे पोचून ती टाळ्या वाजवत हसली. सीमाने तोंड उघडलं तसे खालांनी तिच्याकडे डोळे वटारले. आम्ही सगळे पुन्हा चिडीचूप झालो.

पण या वेळी आई नाचत आली नाही. दिवस गेले, आठवडे गेले, तरी आली नाही. कारण आरती आर्वीला खाली ठेवायचीच नाही. दारातून तिला उचलायची ती थेट पोरगी झोपेपर्यंत, आणि सुट्टीच्या दिवशीही कडेवरच ठेवायची. “एका हातानं पोया लाटतो खाला, पन तिले उतरवत नाई,” असं ती कौतुकाने सांगायची. खाला सुचवून पाहत, “जराशी खाली सोडत जाय ना बेटा.” आरतीला ते लागायचं. “दिवसभर तं खालीच असते ना माही पोरगी,” ती म्हणायची. आर्वीही मोठी लबाड. दिवसभर घरभर फिरायची, पण आईची चाहूल लागली की जागच्या जागी बसून दोन्ही हात वर करायची.

एका संध्याकाळी आरती आर्वीला कडेवर घेऊन ओसरीत उभी असताना तेल्हाऱ्याहून सासऱ्यांचा, नत्थुजींचा, फोन आला. हात मोकळा नव्हता म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला. खाला आत कुणाचं तरी दूध गरम करत होत्या. ऐकायला मी एकटाच होतो.

“सूनबाई, सव्वा वर्साची झाली पोरगी, अजून पाऊल नाई टाकत,” नत्थुजी म्हणाले. “आमचा नितेश या वयात वावरात पयत होता. तिथं दिवसभर बसवून ठेवत असतीन. पोयाले गावी याल, तोवर चालली तं ठीक. नाई तं ठेवा आमच्यापाशी. तुमाले फुरसत नाई, तं आजा-आजी हायेत ना!”

“चालन ना बाबा थे. आनखी थोडी वाट पाहा,” आरती म्हणाली. फोन ठेवून तिने लगेच नितेशला लावला. “तुमी काहून बोलत नाई बाबाले?”

“बाबा काई चुकीचं सांगून राह्यले का?” नितेश म्हणाला.

मित्रांनो, नत्थुजी दुष्ट नव्हते. गोदाबाईंना, म्हणजे आर्वीच्या आजीला, नातीचा फार लळा होता. पण लेक आरतीजवळ राहील की तेल्हाऱ्याला जाईल, हे आता तिच्या एका पावलावर येऊन ठेपलं होतं, आणि ते पाऊल कधीच पडून गेलं होतं! माझ्या चाकांना गती असती तर मी त्याच वेळी गडगडत आरतीपुढे गेलो असतो.

खाला बाहेर आल्या. आरतीने डोळे पुसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “खाला, आर्वी पाय टाकते का हो?”

मला वाटलं, आता सुटलो. सीमा दारात थांबली. पण खालांना ना फोन ठाऊक, ना पोळ्याच्या सणापर्यंतची मुदत. त्यांना पायरीवर रडणाऱ्या ज्योत्स्नाबाई आठवल्या असतील. त्या हसून म्हणाल्या, “टाकन ना बेटा. तू घरी पाहत जाय.”

आरतीने त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला. मान हलवली आणि लेकीला आणखी घट्ट धरून निघून गेली.

पोळ्याला ती गावी गेली आणि एकटी परत आली. सणासाठी जमलेल्या पाहुण्यांनी आर्वीला या हातातून त्या हातात फिरवलं होतं, जमिनीला तिचा पाय लागलाच नव्हता, आणि नत्थुजींनी म्हटल्याप्रमाणे तिला ठेवून घेतलं होतं. आरती आमच्याकडे आर्वीची वाटी आणि झबली न्यायला आली. खालांनी विचारलं, “पोरगी कुठी हाये?” आरतीने तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती बोलत असतानाच फोन वाजला. पडद्यावर तेल्हाऱ्याचं अंगण होतं आणि अंगणातून आर्वी दुडूदुडू चालत गोदाबाईंकडे येत होती.

“पाह्य सूनबाई!” नत्थुजींचा आवाज आनंदाने फाटला होता. “तिथं इतके महिने झालं नाई, इथं आल्या-आल्या चालली! पयलं पाऊल आमच्या आंगनात पडलं!”

आरती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खाला तिच्या खांद्यामागून पाहत होत्या. “पयलं कुठचं,” त्या पुटपुटल्या. “थे तं कवाचीच चालते.”

आरती वळली. खालांनी अडखळत सगळं सांगितलं. दांडी कशी सोडली, पलंगापर्यंत कशी गेली, टाळ्या कशा वाजवल्या.

“मी तुमाले विचारलं होतं खाला,” आरती हळू आवाजात म्हणाली. “मी विचारलं होतं ना तुमाले.”

“मले वाटलं, आज नाई तं उद्या घरी पाहशीन तू. पोयाचं मले काय मालूम बेटा? सांगतलं असतं तं...”

“घरातली गोष्ट दारात कशी सांगू मी?”

खालांनी तिच्या हातातून फोन घेतला. “भाऊ, मी खुर्शीदबी बोलून राह्यली. अल्लाची कसम, पोरगी इथंच चालत होती. मीच मायले सांगतलं नाई. पोरीले वापस पाठवा.”

नत्थुजी रागावले नाहीत. ते समजुतीने हसले. “असं कसं बाई? पोरगी तिथं चालत होती, तं मंग तिच्या मायले कशी नाई दिसली?”

अंगणात आर्वी पुन्हा चालायला लागली होती, गोदाबाई टाळ्या वाजवत होत्या. आरतीने फोन परत घेतला.

“नाई दिसली बाबा,” एवढंच ती म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

नत्थुजींच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकलो असतो. दिवसभर लेकीला दूर ठेवावं लागतं, म्हणून उरलेला सगळा वेळ आरती तिला छातीशी धरून ठेवायची. तिचा गुन्हा असेल तर तो एवढाच. पण लाकडाला कोण विचारतो?

मित्रांनो, घरातल्या धाकट्या भावंडासाठी आईबाबा पाळणाघर पाहायला निघाले, तर तुम्हीही सोबत जा. त्यांना चित्रं पाहू द्या, खेळणी पाहू द्या. पण निघण्याआधी तिथल्या बाईंकडे त्यांना एवढं नक्की बोलायला लावा, ‘दिवसभरात जे झालं ते आम्हाला त्याच संध्याकाळी सांगा, आम्हाला रडू आलं तरी सांगा.’ आणि आईबाबांनाही आपल्या घरची अडचण तिथे बोलायला लाजू देऊ नका. मायेपोटी गप्प राहिलेल्या दोन चांगल्या बायकांनी मिळून एक लेक गमावली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आरती अजूनही कधी कधी सुट्टीच्या दिवशी एकटीच येते. खालांशी भांडत नाही. माझ्याजवळ बसते आणि म्हणते, “खाला, कुठून कुठपर्यंत चालली होती थे, आनखी एकडाव दाखवा ना.” खाला गुडघे टेकून फरशीवर बोटाने दाखवतात, इथून निघाली, इथं डुलली, तिथं हसली. आरती फरशीकडे पाहत राहते.