सात पोळ्या, पाच पॉइंट

आग्रह करावा तर प्रबोध पेंडसेनं. पाहुणा "पुरे" म्हणाला की याला "वाढा" ऐकू येतं. त्याची बायको उल्का सिंगापुरात चांगी भागातल्या एका ऑफिसात चाळीस माणसांना कामाला लावते, पण हातात तुपाची वाटी घेतलेल्या नवऱ्यापुढे तिचंही काही चालत नाही.

त्या वर्षी होळी नेमकी रविवारी आली आणि मरीन परेडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये प्रबोधनं दुपारी जेवायला बोलावलं कोणाला, तर शेजारच्या लमारला!

लमार म्हणजे सहा फूट आठ इंचाचा अमेरिकन माणूस, दारातून वाकून आत येणारा. अकरा वर्षं देशोदेशी बास्केटबॉल खेळून पोट भरत होता. फिनलंड झालं, लेबनॉन झालं, मंगोलियासुद्धा झालं. कुठे तीन महिने, कुठे पाच. आता सिंगापूरच्या एका क्लबाकडून खेळत होता. बायको आणि नऊ वर्षांची मुलगी ओहायोत. त्यांना कधी बरोबर आणता आलं नव्हतं, कारण तीन महिन्यांच्या करारावर बिऱ्हाड कोण हलवणार? हे सगळं प्रबोधला लिफ्टमध्ये येता-जाता कळलं होतं. आणि हेही, की आज चारच्या मॅचनंतर क्लब निकाल लावणार होता: दोन वर्षांचा करार, नाहीतर घरी परत.

"खेळायचंय त्याला. हलकंच वाढ," उल्कानं बजावलं.

"हलकंच गं," प्रबोध म्हणाला आणि पुरणपोळीवर तुपाची धार धरली.

आता गंमत बघा. लमारला त्याच्या आजीनं वाढवलेलं. वाढलेलं संपवायचं, ताटात कण टाकायचा नाही, ही तिची शिस्त. आणि प्रबोधच्या मते ताट रिकामं दिसलं म्हणजे पाहुणा उपाशी. आपल्याकडे अशा वेळी ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे असतात, "नको हो, खरंच नको" म्हणून ओरडायचं असतं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तो ताट साफ करून "थँक यू" म्हणायचा. हा पुढची पोळी टाकायचा.

"बाबा, इनफ लाह!" इरा सिंगापुरी हेल काढून ओरडली. बारा वर्षांच्या त्या पोरीला बापापेक्षा जास्त अक्कल.

सातव्या पोळीनंतर लमारनं डोळे मिटले. सोफ्यावर बसल्या बसल्या घोरायला लागला. तीन वाजता तिघांनी हलवून उठवला तेव्हा "आज कुठला देश?" असं विचारलं त्यानं. प्रबोधनं सगळ्यांना टॅक्सीत कोंबलं आणि स्टेडियम गाठलं.

मॅच सुरू झाली आणि प्रबोधला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. एरवी हरणासारखा पळणारा माणूस आज नुसता चालत होता. उडी मारायला गेला, पाय जमिनीवरच. हातातले सोपे बॉल हुकले. अर्ध्या वेळेपर्यंत टीम चौदा पॉइंटनी मागे आणि लमारचे पॉइंट दोन. क्लबचा मॅनेजर पहिल्या रांगेत तोंड वाकडं करून बसला होता.

"मी घालवली रे त्याची नोकरी. दोन वर्षांचा करार घालवला," प्रबोध पुटपुटला. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. मग काय वाटलं कोण जाणे, उठला, तरातरा खाली गेला आणि कोचच्या समोर उभा राहिला.

"सर, त्याची चूक नाही. माझी आहे. मी त्याला सात पोळ्या खाऊ घातल्या."

कोच टॅननं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अंकल, गो अँड सिट डाऊन लाह."

दुसरा हाफ सुरू झाला. लमार बास्केटजवळ खांबासारखा उभा राहिला. पळणं शक्यच नव्हतं. बॉल आला की दोघंतिघं त्याला घेरायचे आणि तो डोक्यावरून अलगद कुठल्या तरी मोकळ्या पोराकडे पास द्यायचा. क्लबची ही स्थानिक पोरं सीझनभर त्याचा खेळ बघत नुसती उभी असायची. आज बॉल हातात आल्यावर ती आधी बावचळली आणि मग सुटलीच! एकानं टाकला, दुसऱ्यानं टाकला. चौदाचे सहा झाले, सहाचे शून्य. इरा खुर्चीवर उभी, उल्काचा आवाज बसलेला, आणि प्रबोध शेजारच्या अनोळखी चिनी आजीबाईंचा हात धरून नाचत होता. टीम तीन पॉइंटनी जिंकली. लमारचे पॉइंट पाच. पण त्याच्या पासवर झालेल्या बास्केट एकोणीस.

सगळे खाली धावले. कोच लमारच्या छातीवर बोट आपटत होता. "सीझनभर घसा कोरडा केला मी, पास दे, पास दे. दिलास का कधी?"

लमार मान खाली घालून म्हणाला, "कोच, परदेशी खेळाडूचे पॉइंट मोजतात. कमी पडले की घरी पाठवतात. अकरा वर्षं हेच बघतोय. पास द्यायची भीती वाटायची."

मॅनेजर पुढे आला. "तसा परदेशी खेळाडू कुठेही मिळतो," तो म्हणाला. "आमच्या पोरांना खेळायला लावणारा नव्हता मिळत. उद्या ऑफिसात ये. दोन वर्षं."

 लमारनं कोचला मिठी मारली, प्रबोधला तर उचललाच. मग खिशातून फोन काढला. ओहायोत पहाट होती, तरी लावला. पलीकडून झोपाळू आवाज आला, "डॅडी, किती पॉइंट केलेस?"

"पाच," लमार म्हणाला. पोरीला पाचचा अर्थ पाठ होता. "म्हणजे घरी येतोयस?"

"नाही बाळा," लमार म्हणाला. "या वेळी तुम्ही यायचं."