माशीला न दिसलेलं कुंकू

माझं कागदोपत्री नाव गॅल्व्हानोमीटर. ते घेताना झिपरू शिपायाची जीभ अडखळते, म्हणून तो मला काटेवाला म्हणतो. तर हा काटेवालाच बोलतोय.

तारेतून विजेची नुसती झुळूक गेली तरी माझा काटा हलतो. जन्म परदेशातला, पण उमेदीची वर्षं अमळनेरच्या एका कॉलेजात, कपाटात, मोडक्या पृथ्वीगोलाच्या शेजारी गेली. मला विकत घ्यायला समिती बसली होती. वापरायला कोणी बसलं नाही.

पंचावन्न साली रुपचंद चौधरी हे प्राणिशास्त्राचे तरुण प्राध्यापक आले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीच्या डोळ्यावर उजेड पडला की डोळ्यात वीज उठते. ती त्यांना मोजायची होती. केळी जळगावहून येत. अर्धी माशांना, अर्धी स्टाफरूमला. माशांनी कधी तक्रार केली नाही.

माशीला मेणात बसवायचं, तिच्या डोळ्याला खारट पाण्यानं भरलेली केसाएवढी काचनळी टेकवायची आणि तिथली वीज रेडिओच्या सामानातून जुळवलेल्या खोक्यात वाढवून माझ्याकडे आणायची, एवढाच खटाटोप. नवरात्रात एका दुपारी सरांनी दिवा लावला आणि माझा काटा टुणकन हलला. सर अंधाऱ्या खोलीत एकटेच हसले.

त्या खोलीवर प्राचार्य नानासाहेबांचा डोळा होता. स्नेहसंमेलनाचे पडदे ठेवायला त्यांना जागा हवी होती. ते म्हणाले, "दसऱ्यानंतर येतो. काटा हलला तर खोली तुमची. नाही तर पडद्यांची." म्हणजे मी पुन्हा पृथ्वीगोलाशेजारी.

मध्ये खंडेनवमी आली. झिपरूनं घंटा, कात्र्या, तराजू, सगळ्यांची पूजा केली. मला कुंकवाचं बोट लावलं. दिव्याची काच मात्र त्याला कपाळासारखी वाटली असावी. ओल्या कुंकवाचा त्यानं तिच्यावर भरघोस मळवट भरला.

"भाऊ, दिव्याले बी?" सरांनी विचारलं.

"बठ्ठास्नी पूजा करी सर, हाऊ एकटा कसा सोडू?"

पूजेचं कुंकू पुसायला सरांचा हात धजावेना. शिवाय उजेड पडत होताच, लाल का असेना. आपल्याला दिसतं ते माशीलाही दिसत असणार, हा माणसाचा जुना विश्वास.

नानासाहेब आले. दिवा लागला. मी ढिम्म. सरांनी तारा चाचपल्या, माशी बदलली, घाम पुसला. मी तरी काय करणार? वीजच येत नव्हती.

"सर, तुमनी माशी आंधयी शे," झिपरू हळूच म्हणाला.

"खोली हवेशीर आहे," नानासाहेब म्हणाले. "पडद्यांना कसर लागणार नाही." आणि ते दाराकडे वळले.

तेवढ्यात दिव्याच्या आचेनं वाळलेल्या मळवटाची एक खपली गळून पडली. पांढरा किरण थेट माशीच्या डोळ्यावर गेला आणि मी असा उसळलो की काटा कडेला आपटला.

सरांनी खपलीच्या जागी अंगठा धरला. काटा खाली. काढला. काटा वर. मग ते एकदम खाली बसले आणि लहान मुलासारखे हसायला लागले. "साहेब, हिला लाल दिसतच नाही. पुस्तकात वाचलं होतं, पण कुंकू बघून विसरलो."

"डोळे तर लालभडक आहेत हिचे."

"तरीही."

नानासाहेबांनी वाकून माशी नीट पाहिली. मग म्हणाले, "आमच्या प्राध्यापकांचंही हेच असणार. माझे लाल शाईतले शेरे आजवर एकालाही दिसलेले नाहीत. ठेवा ही खोली. पडदे माझ्या केबिनमध्ये टाका."

आता साठ साल उजाडलंय. काटा थोडा अडखळतो, पण मी टेबलावरच आहे. दर खंडेनवमीला झिपरू येतो. दिव्याला तो लांबूनच हात जोडतो आणि उरलेलं सगळं कुंकू मला फासतो. फासू द्या. कपाटात मला कोणी टिळा लावला नव्हता. तुमच्याही कॉलेजच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद असेल. एकदा दार उघडून बघा.