माकडाला चढता येऊ नये असा पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे आणि सध्या माझ्याकडे काही काम नाही. ही तक्रार नव्हे. पिंजरा रिकामा असणं ही चांगलीच बातमी. ती कशी, हे कळायला माझी हकीकत ऐकावी लागेल.

माझा जन्म जोयडा तालुक्यात, कुळगीच्या पुढे रानात झाला. तिथं जखमी जनावरांचा एक लहानसा निवारा आहे. श्वेता नावाच्या जनावरांच्या डॉक्टरबाई तो चालवतात. एके दिवशी तिथं जीप आली आणि जीपमधून पारू उतरली. पारू म्हणजे एक तरणी माकडीण. रामनगरकडच्या एका दुकानदाराने तिला कमरेला साखळी बांधून गल्ल्याशेजारी वाढवलं होतं. माकड पाळणं गुन्हा आहे हे आपल्याला आजच कळलं, असं तो म्हणाला म्हणे. पारूला एकच विद्या येत होती. माणूस दिसला की उभं राहून सलाम करायचा. जीपवाल्यालाही तिने केला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "माघातल्या उळवीच्या जत्रेपर्यंत बघू. तोवर चढायला, खाणं शोधायला शिकली तर रानात सोडू. नाहीतर शहरातल्या प्राणिसंग्रहालयात, जन्मभरासाठी."

मला बांधायचं काम जवळच्या गुंद गावच्या उमाजीकडे आलं. उमाजी भात पिकवणारा, बांबूकामात नावाजलेला. पण त्याचं अर्धं आयुष्य शेतातली माकडं हाकलण्यात गेलं होतं. माकड अडवावं तर उमाजीनेच. तेव्हा त्याने मला मन लावून बांधलं. जाळीला आतून वरपर्यंत गुळगुळीत पत्रा ठोकला, नारळाच्या खोडाला गुंडाळतात तसा. खांबही पत्र्याने मढवले. बोट अडकेल अशी जागा ठेवली नाही. सवयीने छपराखाली रिकाम्या डब्यांची माळ टांगली आणि कोपऱ्यात एक बुजगावणं उभं केलं.

"आता माकडाच्या बापाला चढता यायचं न्हाई!" तो हात झटकत म्हणाला.

डॉक्टरबाई गावोगाव गुरांना लस टोचत फिरत होत्या. येणारे-जाणारे मला बघून म्हणत, काय चकचकीत काम! मला अभिमान वाटला. नव्या वस्तूला दुसरं काय कळतं?

पारूला आत सोडलं. तिने बुजगावण्याला सलाम केला आणि त्याच्या पायाशी बसली, ती बसलीच. वाऱ्याने डबे वाजले की डोकं गुडघ्यात घालायची. एरवी स्वतःच्या दंडाचे केस उपटायची. बघता बघता एक दंड उघडा पडला.

उमाजीची बायको फुला त्याची भाकरी घेऊन आली. मला एक फेरी मारून तिने विचारलं, "अवो, ह्ये काय बांधलंय?"

"पिंजरा. दिसत न्हाई व्हय?"

"ह्यो माकडाला भाइर ठेवायचा पिंजरा हाय. आन माकड तर आत हाय."

उमाजीने पत्र्यावर हात फिरवला. "पत्रा जरासुदिक हालत न्हाई बघ," तो हळूच म्हणाला.

"त्येच म्हनतीया मी."

डॉक्टरबाई परतल्या. बुजगावणं बघून त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "उमाजी, तुमच्या शेतात माकडांना काय आवडतं?"

"काय आवडत न्हाई त्ये इचारा, बाई!" उमाजीचा इतक्या वर्षांचा राग एकदम बाहेर पडला. शेतातल्या मचाणाच्या शिडीला झोके घेतात. राखणीच्या झोपडीच्या दाराची वेताची गाठ सोडतात. कुजका ओंडका सोलून किडे खातात. मक्याची कणसं सोलून अर्धी टाकतात.

"हे सगळं आत पाहिजे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

फुला पदर तोंडाला लावून हसली. "घ्या! जन्मभर शिव्या घातल्या, आता त्येंचीच आरास करा."

उमाजीने पत्रा उतरवला आणि सावलीसाठी छपरावर टाकला. फांद्या आडव्यातिडव्या बांधल्या, झोका टांगला, कुजका ओंडका ओढत आणला. वाटेच्या बाजूने कारवीच्या काठ्यांचा उंच कूड घातला, म्हणजे पारूला माणसं दिसेनात आणि सलाम करायला कोणी उरेना. दारं दोन केली. बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. जेवण पानाच्या पत्रावळीवर मिळायचं बंद झालं. ते पाचोळ्यात, नाहीतर बांबूच्या नळीत, वरून वेताची गाठ मारून.

आता मलाच कुतूहल वाटू लागलं. पारूने आधी ओंडक्याला सलाम केला. ओंडका काही बोलला नाही. मग तिने एक बोट सालीखाली घातलं, पुढे दुसरं. किडा सापडला तेव्हा तिने तो आधी निरखून पाहिला, मग खाल्ला, आणि लगेच सगळी साल सोलायला घेतली. गाठींशी ती दुपारभर भांडायची. उमाजी गाठ अवघड करायचा, ती सोडवायची, तो आणखी अवघड करायचा. दंडावर केस आले. समोरच्या उंबरावर रानातली टोळी यायची. पारू सगळ्यात उंच फांदीवर बसून त्यांच्याकडे बघायची.

जत्रेच्या गाड्या उळवीकडे जाऊ लागल्या, त्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोन्ही कुलपं काढली. बाहेरच्या दाराला फक्त उमाजीची गाठ ठेवली. पारूने ती सोडली. उंबरावर गेली. वळून बघितलं की नाही, ते मला उंबराच्या पानांमुळे दिसलं नाही.

पुढच्या भाताला दाणा भरला तेव्हा उमाजी तणतणत आला. "बाई, झोपडीत ठेवलेली मक्याची कणसं गेली! माझ्या डोळ्यांम्होरं एका माकडिणीनं दाराची गाठ सोडून नेली. ती गाठ म्या पारूबिगर कुणाला दावली न्हाई."

डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं, "तिने सलाम केला का?"

"म्याच केला, बाई! म्हटलं वळख दील. तर दात दावलं मला, आन झाडाच्या पार शेंड्याला!"

बोलता बोलता त्याला हसू फुटलं. डॉक्टरबाई पुन्हा चष्मा पुसू लागल्या.

मित्रांनो, माकड पाळू नका. कुणासाठी पिंजरा बांधायची वेळ आलीच, तर आधी आत राहणाऱ्याच्या सवयी विचारून घ्या, मग खिळा ठोका. जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आमची निगा राखा. माझं म्हणणं उलटं आहे. माझी जाळी गंजली आहे, दारावर वेल चढला आहे. तो तसाच चढू द्या.