एर्मेकसाठी तळलेल्या रोट्या

"पाहुण्याला एवढा काठोकाठ चहा ओततात का गं? तुझी कालिपा हाकलून देतेय की काय त्याला?" रेडिओला लावलेला कान न काढता बुर्माकानताईंनी मला झापलं.

रेडिओवरच्या मालिकेतली ती कालिपा मी लिहिते. दर गुरुवारी सकाळी नारीन शहराच्या केंद्रावरून ती बोलते आणि गावोगावच्या बायका हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकतात. कालिपा त्यांना आपली वाटते, कारण शेजारच्या बुर्माकानताईच मी तिच्यात घातल्यात: तेच कुरकुरणारे गुडघे, तीच एकुलत्या लेकाची फुशारकी. कौतुक मात्र माझं होतं.

ताईंचा तो लेक, तालाय, मॉस्कोत बांधकामावरून पडून गेला. शनिवारी त्याला घरी आणणार होते. गावाला ठाऊक होतं, आईला नाही. अशी बातमी वडीलधाऱ्यांनीच द्यायची. गावातल्या सगळ्यात थोरल्या तुर्दूबाबांनी आजवर ती कितीतरी घरी दिली. ताईंच्या फाटकातून मात्र परत फिरले आणि माझ्याकडे आले.

"तुझ्या कालिपाचा लेक एर्मेक मार, पोरी. तसाच, उंचावरून पडून. बुर्माकान समजेल. माझी जीभ रेटत नाही गं."

मी मारला.

त्या गुरुवारी बाबा आणि मी ताईंकडेच जाऊन बसलो. ताई हुंदके देऊन रडल्या. आम्ही वाट पाहत राहिलो.

"बिचारी कालिपा!" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आणि आमचं गाढव बघा, फोन बिघडवून बसलंय. येऊ दे, कानच उपटते."

फोन बिघडल्याचं आम्हीच सांगितलं होतं.

त्या गुडघे धरत उठल्या आणि कढईत तेल ओतलं. "गेलेल्याला तेलाचा वास पोचायला हवा. कालिपाकडे कोण तळणार? सूनही नाही तिला."

"ताई, अहो, ती खोटी आहे. मी लिहिलीय."

"तू गप्प बस. पोर गेलंय तिचं."

कालिपातलं सगळं ताईंना स्वतःचं वाटायचं. पोराचं मरण एवढं एकच त्यांनी कालिपाला देऊन टाकलं.

वासाने गल्ली भरली. दारात बायका जमल्या, आत कुणी येईना. ताईंनी गरम रोट्या बाबांपुढे ठेवल्या आणि ओंजळ पसरून बसल्या.

"म्हणा बाबा. पोराचं नाव घेऊन म्हणा."

बाबांनी कुराणातलं म्हटलं. नावापाशी आले आणि अडकले.

"एर्मेक," ताईंनी हळूच आठवण करून दिली.

बाबांनी ताईंकडे वळून पाहिलं.

"तालाय," ते म्हणाले. "बुर्माकान, हे तुझ्या तालायसाठी."