शुक्रवारी दुखणारं पोट

शुक्रवारची दुपार झाली की सृष्टीचं पोट दुखायला लागायचं. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, नेमकं शुक्रवारी, शाळेतून आल्या आल्या. दप्तर दारात टाकायचं, बेंबीवर हात दाबून आईच्या मांडीवर पडायचं आणि म्हणायचं, "आई, कळ येतीया." शनिवारी दिवसभर हेच. रविवारी पाहुण्यांच्या गाड्या पौडकडं, पुण्याच्या दिशेला वळल्या की पोरगी उठायची आणि अंगणात लंगडी घालायला मोकळी!

आता तुम्ही म्हणाल, एवढं सरळ दिसत असताना घरच्यांना कळलं कसं नाही? अहो, दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला नेहमीच सरळ दिसतं. आपल्या घरात मात्र आपण चुलीजवळ बसलेले असतो आणि डोळ्यांत धूर असतो.

हे घर माले गावातल्या भैरूचं. रस्त्याकडेचं शेत त्यानं बंगलेवाल्यांना विकलं आणि उरलेल्या तुकड्यावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. अंगणात झोपाळा टांगला, झाडांवर रंगीत दिव्यांच्या माळा सोडल्या. शनिवार-रविवार हिंजवडीची कंपनीवाली मंडळी यायची. भैरूची आई गोजराबाई चुलीवर मटण रांधायची, बायको गौतमी भाकरीपासून चादरींपर्यंत सगळीकडे पुरायची, भैरू गाड्या लावून घ्यायचा. आणि त्यांची तिसरीतली लेक सृष्टी? ती नाचायची.

सुरुवात झाली ती अगदी सहज. पाहुण्यांनी गाणं लावलं होतं, सृष्टी आपल्याच नादात अंगणात नाचली. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि रील टाकली. झालं! पुढच्या शनिवारी आलेल्यांनी गाडीतून उतरतानाच विचारलं, "ती रीलवाली छोटी कुठंय?" भैरूची छाती फुगली. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी सृष्टीला छोटी नऊवारी नेसवायची आणि पाहुण्यांपुढं उभी करायची, असा घराचा रिवाजच पडला. नऊवारीच्या निऱ्या गौतमी स्वतःच्या हातानं घालायची, तेसुद्धा कौतुकानं!

पोट दुखायला लागलं तेव्हा प्रत्येकानं आपापल्या परीनं निदान केलं. गोजराबाई म्हणाली, "पाव्हण्यांचं उष्टंमाष्टं खाती. ते चिप, ते काळं गोड पानी. पोट न्हाई दुखनार तर काय व्हईल?" चिप बंद झाले, कोल्ड्रिंक बंद झालं, पोट दुखतच राहिलं. मग म्हातारीनं मीठ-मोहरी उतरवून दृष्ट काढली. मग जंताचं औषध झालं. शेवटी भैरूनं पुण्याला नेऊन सोनोग्राफी केली. रिपोर्ट अगदी स्वच्छ आला.

भैरूचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी पारा चढला. "काय बी न्हाई पोटात! नुसती नाटकं करतीया पोरगी. लाड लई झाल्यात."

सृष्टीनं ते ऐकलं. पुढच्या शुक्रवारी ती शाळेतून आली, दप्तर जागेवर ठेवलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली. कळ येते म्हणाली नाही की रडली नाही. फ्रॉकचं टोक दातांत घट्ट धरून बसली होती. भाकरी थापता थापता गौतमीचं तिकडं लक्ष गेलं आणि तिचा हात पिठातच राहिला. लेकरू दुखणं लपवायला शिकलं होतं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

गौतमीनं हात धुतले, चप्पल घातली आणि लेकीचं बोट धरलं.

"कुटं निघालीस?" भैरू अंगण झाडत होता.

"पौडला. सरकारी दवाखान्यात."

"आज? उद्या मोठा ग्रुप यायचाय. मसाला कोन वाटनार?"

"तुमी वाटा," गौतमी म्हणाली आणि रस्त्याला लागली. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिनं असं उत्तर कधी दिलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर हेमलताबाई केस पिकलेल्या, बोलायला करड्या. रिपोर्ट बघून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि सृष्टीलाच विचारलं, "कुठं दुखतं गं? दाखव."

सृष्टीनं बेंबीवर आख्खा तळहात ठेवला.

मग बाईंनी पोट सगळीकडून दाबून पाहिलं, वजन केलं, लघवी तपासायला पाठवली. एकामागून एक प्रश्न. ताप येतो का? झोपेतून दुखण्यानं जाग येते का? शीतून रक्त जातं का? वजन उतरलंय का? लघवीला जळजळतं का? सगळ्याला गौतमीनं नाही म्हटलं.

"चांगलं आहे. आधी हे सगळं बघावंच लागतं," बाई म्हणाल्या. "उठसूट 'मनाचं आहे' म्हणून पोराला वाटेला लावणारा डॉक्टर मला पटत नाही. उद्या उजव्या बाजूला खाली दुखायला लागलं, हिरवी उलटी झाली, ताप चढला, तर घरी काढे पाजत बसू नका, तडक घेऊन या. आता सांगा, दुखायला लागतं कधी?"

"शुक्रवारी. शनिवारी लई. पाव्हण्यांचं खातीया ना, बाधत असंल."

"पाहुणे कधी येतात?"

"शनिवारी."

"मग शुक्रवारी ती कुणाचं खाते?"

गौतमी मनाशी हिशेब करू लागली. शुक्रवारी घरात असते साधी आमटी-भाकरी. पाहुणे यायचे असतात, मटण रांधायचं असतं, आणि पोरीचं पोट मात्र आधीच दुखून मोकळं झालेलं असतं! इतके दिवस आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चालला होता.

डॉक्टरबाई सृष्टीकडं वळल्या. आवाज एकदम मऊ झाला. "शनिवारी काय असतं गं तुमच्याकडं?"

"पावनं येत्यात. मी नाचते."

"आवडतं नाचायला?"

सृष्टीचा हात पुन्हा पोटावर गेला.

"नाही आवडत म्हणालीस तरी चालतं इथं. इथं कुणी रागवत नाही."

पोरीनं आईकडं चोरून पाहिलं आणि मग बांध फुटला. "ते लई जवळ येत्यात मोबाइल घिऊन. 'अजून एकदा, अजून एकदा' म्हनत्यात. पडले तर हसत्यात. शाळंत पोरं त्यो व्हिडिओ लावत्यात आन् मला 'ए नाचरे' म्हनत्यात. मला न्हाई नाचायचं. पन पप्पा म्हनत्यात, पाव्हण्याला न्हाई म्हनायचं नसतं."

गौतमीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. निऱ्या तिनंच घातल्या होत्या ना! "म्हंजी पोट दुखत न्हाई तिचं? भीती वाटती म्हनून नुसतं..."

"नुसतं काही नाही!" डॉक्टरबाई कडाडल्या. "पोट खरंच दुखतं. भीतीनं पोटात मुरडा येतो, कळा येतात, उलटीसुद्धा होते. तुम्ही आम्हीच म्हणतो ना, पोटात गोळा आला, पोटात खड्डा पडला? मोठ्या माणसाचा पोटातला गोळा खरा आणि लेकराचा तेवढा खोटा? रिपोर्ट चांगला आला म्हणजे आजार नाही एवढंच ठरलं. दुखत नाही असं कुठं ठरलं? आठ वर्षांच्या पोरीला 'मला अपमान वाटतो' असं सांगता येत नाही हो. ती पोट दुखतंय म्हणते. तिच्याकडं तेवढाच शब्द आहे."

"मग औषध काय द्यायचं?"

"आधी तिला नाचवणं थांबवा. मग तिच्याशी रोज थोडं बोला, शाळेतल्या बाईंना भेटा. आणि 'नाटक' हा शब्द घरातून बाहेर काढा. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला आणा. गरज वाटली तर मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी देईन. त्यात लाजायचं काही नाही."

घरी येऊन गौतमीनं सगळं सांगितलं. भैरू उसळलाच. "मनाचं डाक्टर? म्हंजी माझी पोर येडी हाय का? आन् पाव्हण्यांना काय सांगू? धंदा हाय ह्यो! पान्यात ऱ्हाऊन माशाशी वैर करायचं?"

"पोर येडी न्हाई. येडं आपून हाय," गौतमी म्हणाली. "उद्या ती नाचनार न्हाई. मी सांगितलं म्हंजी सांगितलं."

गोजराबाई चुलीपाशी होती. ती सुनेच्या बाजूनं बोलली नाही, लेकाच्याही नाही. लाकूड तेवढं आत सारलं.

शनिवारी संध्याकाळी माळा पेटल्या. पाहुणेमंडळी अंगणात गोल करून बसली, गाणं सुरू झालं आणि हाळी आली, "अरे, रीलवाली छोटी कुठंय? बुलाओ यार!"

गौतमी पदर खोचून पुढं झाली. "ती येनार न्हाई."

"का? आम्ही तिच्यासाठीच तर हे घर बुक केलंय!"

"तुमी खोल्या घेतल्यात, जेवन घेतलंय. ते चोख मिळंल. माझी लेक त्यात न्हाई."

एक दाढीवाला तरुण हसला आणि मोबाइल हलवत म्हणाला, "असं असेल तर रेटिंग बघा मग कसं देतो!"

भैरूचा चेहरा उतरला. "दादा, तसं काय बी नगं. बाईमानसाचं काय ऐकताय? आनतो, आत्ता आनतो." असं म्हणून बायकोला ओलांडून तो घरात शिरला.

आणि दारातच थिजला.

सृष्टी उभी होती. नऊवारी तिनं स्वतःच कशीबशी गुंडाळली होती. निऱ्या एकीकडं, काष्टा दुसरीकडं. चेहरा पांढराफटक. एका हातानं पोट दाबलेलं, दुसऱ्या हातानं डोळे पुसलेले. बाहेरचं सगळं तिनं ऐकलं होतं.

"चला पप्पा," ती म्हणाली. "मी न्हाई नाटक करत आता. आईला नका रागवू."

एवढं बोलली आणि तिथंच वाकून उलटी केली.

अरे देवा! लेकरू पोटातली कळ गिळून बापाची लाज राखायला निघालं होतं! कुठल्या डॉक्टरनं शंभरदा सांगितलं असतं तरी भैरूला जे कळलं नसतं, ते त्या वाकड्यातिकड्या नऊवारीनं कळलं. तो मटकन खाली बसला आणि उलटीनं भरलेल्या पोरीला त्यानं तशीच कवटाळलं. "चुकलो गं बाय. बाप चुकला तुझा. कुनी न्हाई नाचवनार तुला."

गोजराबाईनं चुलीपासून हे पाहिलं. हातातली पळी तिनं खाली ठेवली नाही. तशीच ती बाहेर आली, ताठ, डोक्यावरचा पदर सारखा करत.

"म्हातारीचं ऐका जरा," ती म्हणाली. "आमच्यात पाव्हणा म्हंजी देव. पन पाव्हणा घरच्या लेकराला रडवीत न्हाई. जो रडवतो त्यो पाव्हणा न्हाई, गिऱ्हाईक. आन् गिऱ्हाइकाला न्हाई म्हनता येतं. मी म्हनते, न्हाई!"

दाढीवाला काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात भैरू पोरीला खांद्यावर घेऊन बाहेर आला. अंगावर उलटीचे डाग, डोळे लाल. "ज्यांच्याकडं हिचा व्हिडिओ आसंल त्यांनी काडून टाका. आत्ता, माझ्यासमोर. रेटिंग काय द्यायचं ते खुशाल द्या."

मंडळीतली एक बाई उठली. तिची मान खाली गेली होती. "मीसुद्धा शेअर केला होता, दादा," असं म्हणून तिनं मोबाइल काढला. तिच्यामागं आणखी दोघं-तिघं उठले. दाढीवाला मात्र तणतणत गाडी काढून गेला आणि वाईट रेटिंग देऊनच थांबला. देऊ द्या की! त्या रेटिंगनं भैरूचं छप्पर काही उडालं नाही.

सोमवारी भैरू स्वतः शाळेत जाऊन बाईंना भेटला. वर्गातला तो व्हिडिओचा खेळ बाईंनी बंद केला. पोट दुखायचं काही जादूनं एका दिवसात थांबलं नाही. पुढच्या शुक्रवारीही कळ आली, त्याच्या पुढच्याही आली. पण आता "कळ येतीया" म्हटलं की भैरू हातातलं काम टाकून तिच्याजवळ बसायचा, पोटावर हात फिरवायचा आणि विचारायचा, "भ्या कशाचं वाटतंय, सांग मला." गोजराबाई ओवा द्यायचीच, तिचा हात कोण धरणार? पण "नाटक" हा शब्द त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही. हळूहळू कळा विरत गेल्या.

परवा नवीन पाहुणे आले होते. त्यांतल्या एका हौशी आजोबांनी सृष्टीचा गाल धरून लाडानं विचारलं, "काय गं, नाचून दाखवतेस का?"

सृष्टीनं त्यांचा हात बाजूला केला. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून स्वच्छ म्हणाली, "न्हाई." आणि लंगडीचा डाव राहिला होता तिकडं पळाली. भैरू शेजारीच गाडी लावून घेत होता. आजोबांनी त्याच्याकडं पाहिलं. "पोरीनं सांगितलं की," तो म्हणाला, "न्हाई."

मंडळी, आपल्यापैकी कितीजणांच्या घरी असं पोट दुखत असेल! कुठं गणिताच्या तासाआधी, कुठं एखादा काका यायच्या दिवशी, कुठं आईबापांचं भांडण सुरू झालं की. लेकराचं पोट दुखलं तर आधी डॉक्टरकडून शरीर नीट तपासून घ्या, त्यात हयगय नको. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून लेकराला खोटं पाडू नका. कधी दुखतं, कुणासमोर दुखतं, कशाच्या आधी दुखतं, ते विचारा आणि उत्तर ऐकून घ्यायची छाती ठेवा. ते उत्तर आपल्याच घराकडं बोट दाखवणारं असलं तरीही! ज्या लेकराला घरात 'नाही' म्हणायची मुभा असते, त्याच्या पोटाला त्याच्यासाठी ओरडावं लागत नाही.