आठ वाट्या आणि दहा मिनिटं

माझ्या थोरल्या नणंदेला अख्खं शहर 'चटपट ताई' म्हणून ओळखतं. पेपरात दर शनिवारी तिचं सदर येतं, लोकांच्या फोनवर तिचे व्हिडिओ फिरतात आणि आता पुस्तकही निघालंय, 'दहा मिनिटांत जेवण: विद्यार्थ्यांसाठी आणि कामात बुडालेल्या घरांसाठी'. मुखपृष्ठावर ती पातेल्यासमोर हसत उभी आहे. मूळ फोटोत पातेल्याच्या डाव्या बाजूला माझं कोपर आलं होतं. ते नंतर कापून काढलं.

तिची पद्धत अशी. कॅमेरा सुरू होतो तेव्हा ओट्यावर आठ वाट्या मांडलेल्या असतात. कांदा, लसूण, गाजर, बटाटा, टोमॅटो, सोललेले मटार, भिजवून निथळलेला तांदूळ आणि फेटलेली अंडी. ताई घड्याळाचं बटण दाबते, एकेक वाटी पातेल्यात रिकामी करते, झाकण ठेवून गप्पा मारते आणि दहाव्या मिनिटाला झाकण उघडते. वाफ वर येते आणि लोक वाहवा करतात. त्या आठ वाट्या भरायला मला पंचावन्न मिनिटं लागतात. भांडी घासायची वेळ त्यात धरलेली नाही.

पंचावन्न हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मी कवळ्या बनवते. सकाळी अर्धा दिवस एका लहानशा कारखान्यात बसते आणि तोंडाच्या मापावर प्लास्टर ओतते. प्लास्टर चाळीस मिनिटांत घट्ट होतं. तुम्ही कोणाची ताई असा नाहीतर राणी असा, त्याला चाळीसच लागतात. तिसाव्या मिनिटाला घाई केली की साचा हातात तुटतो आणि कुठल्यातरी म्हाताऱ्याला आणखी आठवडाभर पेज पिऊन राहावं लागतं. अशा कामातून घरी यायचं आणि 'स्वयंपाक काय गं, दहा मिनिटांचं काम' हे ऐकायचं, म्हणजे तळपायाची आग मस्तकात जाते.

ताई आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहते. सासू गेल्या तेव्हा ती चौदाची होती आणि माझा नवरा नऊचा. वडील आणि तिघे भाऊ, सगळ्यांचं तिने केलं. हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं आणि त्यानंतर दर आठवड्याला ऐकत आले. "तिने मला वाढवलंय," असं नवरा म्हणाला की पुढे बोलायची सोय नसते. त्यामुळे लग्नाच्या अकरा वर्षांतली शेवटची सहा मी मूग गिळून तिच्या वाट्या भरल्या. ती नाकाने कांदे सोलायची आणि मी हाताने.

त्या गुरुवारी ताई आमच्याकडे जेवायला होती, तेव्हा मी विषय काढला. कारखान्याचे मालक थकले होते, त्यांना आता बारकं दिसत नव्हतं. सोमवारपासून मी पूर्ण दिवस यावं, दात बसवायचं आणि रंग जुळवायचं काम त्यांच्याकडून शिकून घ्यावं, दोन वर्षांत टेबल माझं, असं ते म्हणाले होते. अकरा वर्षं मी फक्त प्लास्टर ओतत होते. दात बसवणं म्हणजे खरं काम. ते मला हवं होतं, आणि मी तसं दोघांना सरळ सांगितलं.

"मग घरचं?" नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अडकलेल्या लोकांना बाहेर काढतो, म्हणून घरी आल्यावर बोटही हलवत नाही.

"संध्याकाळी येऊन करेन. तूही थोडं कर."

ताई हसली. "अगं, त्यात करायचंय काय? दहा मिनिटांचा तर स्वयंपाक. मी पुस्तकच लिहिलंय त्यावर."

"आणि तुमच्या वाट्या?"

"त्या सकाळी उठून करत जा. काम ते केवढं!"

"तेच तर," नवरा म्हणाला. "दहा मिनिटांचं काम, पण तुझा बाऊ किती! आत्ताच ही कटकट, तर पूर्ण दिवस गेल्यावर काय होईल? मालकांना नाही म्हणून सांगून टाक."

दहा मिनिटांच्या कामासाठी मी दिवसभर घरी थांबायचं, हे त्या दोघांनाही सरळ वाटत होतं. मी ताटं उचलली. शुक्रवारी मुलामुलींच्या वसतिगृहात ताईचा कार्यक्रम होता, त्यासाठी वाट्यांऐवजी आठ मोठे डबे भरून हवे होते. "चार वाजता, आणि गाजर मागच्यासारखं जाडं नको," असं बजावून ती वर गेली.

शुक्रवारी सकाळी कारखान्यात गेले तर मालक माझी वाटच बघत होते.

"तुझ्या नणंदेचा फोन आला होता काल रात्री," ते म्हणाले. "तुला जमायचं नाही म्हणाल्या. घरी फार कामं असतात म्हणे."

माझ्या हातात ओलं प्लास्टर होतं. ते मी खाली ठेवलं, नाहीतर त्यांनाच फेकून मारलं असतं, आणि त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

"दुसरा एकजण या कामासाठी विचारून गेलाय," मालक म्हणाले. "मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. आज पाच वाजेपर्यंत सांग, म्हणजे त्यालाही ताटकळत ठेवायला नको."

तिथल्या तिथे हो म्हणायला हवं होतं. पण खरं सांगते, मी घाबरले. अकरा वर्षांची सवय असते, तोंड उघडायच्या आधी घरातल्यांचे चेहरे दिसतात. "संध्याकाळी सांगते," एवढंच म्हणाले आणि दिवसभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

दुपारी घरी आले, सुरी काढली, पहिला कांदा हातात घेतला आणि तसाच डब्यात ठेवला. सालासकट. त्यावर आणखी नऊ कांदे ठेवले आणि झाकण लावलं. दुसऱ्या डब्यात लसणाचे गड्डे, तिसऱ्यात मातीचे बटाटे, चौथ्यात मटाराच्या शेंगा. गाजरं डब्यात मावेनात, त्यांची शेपटं मोडून बसवली. अंडी कागदात गुंडाळली. तांदूळ तेवढा भिजवला, अन्नाशी माझं काही वैर नाही. सगळं पंधरा मिनिटांत आटोपलं आणि मी चहा करून निवांत बसून प्यायले.

वसतिगृहाच्या जेवणघरात चाळीसएक मुलंमुली जमली होती. समोर लांब टेबल, त्यावर मोठं पातेलं, मागे भिंतीवर घड्याळ. माझी जागा नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीला, रिकामे डबे गोळा करायला. ताईने बोलायला सुरुवात केली. बोलण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. "वेळ नाही, वेळ नाही म्हणता," ती म्हणाली, "दिवसातली दहा मिनिटं स्वतःला देता येत नाहीत का रे तुम्हाला? आळस सोडा आळस." आणि तिने पहिला डबा उघडला.

तिने कांदे पाहिले. दुसऱ्या डब्याचं झाकण वर केलं, तिसऱ्याचं केलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. नजर मी काढली नाही. आता हिची फजिती होणार, चाळीस जणांसमोर ही बटाटा सोलत बसणार, हे बघायला मी आले होते.

"आज एक गंमत करू या," ताई म्हणाली. "नेहमी मी करते आणि तुम्ही बघता. आज तुम्हीच करायचं. चला, उठा! आतून सुऱ्या आणा रे. एकेकाने एकेक वस्तू घ्यायची."

पोरं उड्या मारत आली. एकाने गाजर घेतलं, एकीने बटाटा, चौघांनी मिळून मटार सोलले, कोणी अंडी फोडली. हसणं, ढकलाढकली, डोळे चोळणं. पाच मिनिटांत सगळं चिरून तयार, आणि मग ताईने स्वतःच्या घड्याळाचं बटण दाबलं. दहाव्या मिनिटाला झाकण उघडलं, वाफ वर आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिने माझ्याकडे बघून मान तिरकी केली. माझीच काठी तिने माझ्याच डोक्यात घातली होती. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते.

तेवढ्यात मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. अंगावर कुठल्यातरी दुकानाचा गणवेश होता, बहुतेक कामावरून थेट आलेली.

"ताई, हे आम्ही चाळीस जणांनी केलं," ती म्हणाली. "मी पुढच्या महिन्यात परत घरी राहायला जाणार आहे. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. तिथे चाळीस जण नसतील. मग हे चिरायचं कोणी?"

पोरं हसली. ताईही हसली. "अगं, घरी कोणीतरी असतंच की!" ती म्हणाली आणि सहज हात लांब करून तिने मागच्या भिंतीकडे दाखवलं. माझ्याकडे. चाळीस माना वळल्या.

मुलगी मात्र वळली नाही. "माझ्या घरी ते कोणीतरी मीच आहे," ती म्हणाली.

ताईने "बरं, प्लेटा आणा" असं काहीतरी म्हणून विषय बदलला. मी डबे गोळा केले नाहीत. व्हरांड्यात आले, दोनदा चुकीचं बटण दाबलं आणि मग मालकांचा फोन लागला.

"सोमवारी किती वाजता येऊ?" मी विचारलं.

"आठला ये," ते म्हणाले. "आणि चष्मा लागत असेल तर घेऊन ये. बारीक काम आहे."

मी चालत घरी आले, पाय धुतले आणि खिडकीशी बसून राहिले. नवरा सातला आला. "जेवायला काय?" त्याने बूट काढायच्या आधी विचारलं. मी ताईचं पुस्तक त्याच्या हातात दिलं.

"पान बारा. दहा मिनिटांचं आहे. सोमवारपासून मी पूर्ण दिवस जाणार आहे, तेव्हा आजपासून शीक."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय. तांदूळ खालच्या डब्यात आहे."

त्याने आदळआपट केली. मालकांना आत्ताच्या आत्ता फोन लाव म्हणाला. मी हलले नाही. शेवटी भूक लागली तेव्हा तणतणत आत गेला आणि मला दाखवूनच देतो म्हणाला. मी घड्याळ बघितलं. बटाट्याचं सोलाणं कुठे आहे, मीठ कुठे आहे, हे पातेलं का ते, असे प्रश्न बाहेर येत राहिले. मी प्रत्येकाला "पुस्तकात बघ" म्हणाले. मध्ये एकदा शिवी ऐकू आली आणि नळ बराच वेळ वाहिला. तो पातेलं घेऊन बाहेर आला तेव्हा एक तास अकरा मिनिटं झाली होती आणि त्याच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं.

आम्ही वाढून घेत होतो तोच ताई खाली आली. आठ रिकामे डबे तिने दारातच आपटले.

"तुझ्या बायकोने आज काय केलं माहितीय?"

"आधी बस," नवरा म्हणाला. त्याला कोणाला तरी वाढायची घाई झाली होती. ताट तिच्यापुढे सरकवून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

ताईने एक घास घेतला, चावला आणि म्हणाली, "बटाटा कच्चा राहिलाय."

नवऱ्याने डाव पातेल्यात आपटला. "तास झाला उभा आहे मी! तास! डोळ्यांची आग झाली, बोट कापलं, आणि तू येऊन आयतं गिळून वर नावं ठेवतेस?"

अकरा वर्षं हे शब्द माझ्या घशात होते. तो एकाच संध्याकाळी बोलून मोकळा झाला. मला त्याचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

ताई शांतपणे चावत होती. "मी चौदाची होते," ती त्याला म्हणाली. "भात कच्चा राहिला म्हणून तू ताट भिंतीवर फेकलं होतंस. दीड तास लागला होता मला त्या दिवशी."

मला वाटलं होतं की स्वयंपाकाला खरा किती वेळ लागतो हे तिला ठाऊकच नसेल, विसरली असेल. तिला तर दीड तास म्हणून आठवत होतं. माझा राग निवायच्या ऐवजी वर चढला.

"दीड तास लक्षात आहे ना तुमच्या?" मी म्हणाले. "मग पुस्तकात दहा मिनिटं कोणाची लिहिलीत?"

ताटातला भात ती एका बाजूला सारत राहिली.

"सोमवारी कितीला जाणार?" तिने विचारलं.

"आठला."

"मग माझे डबे?"

मी उठले, ओट्यावरची सुरी धुऊन आणली आणि तिच्या ताटाशेजारी ठेवली. मग खाली बसून जेवायला लागले. बटाटा खरंच कच्चा होता. मी तो सगळा खाल्ला.