पट्टीवर हात नसताना

सभागृहात खुर्च्या कमी पडल्या होत्या. माणसं भिंतींना टेकून, खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून, माना उंचावून बघत होती. समोर टेबलावर मखमलीनं झाकलेली एक पेटी होती आणि तिच्यातून लांबलचक, कर्कश किंकाळी येत होती. पेटीला जोडलेल्या तांब्याच्या पट्टीवर एका म्हाताऱ्या शिंप्याचा हात होता.

"ऐकलंत?" दाढीवाले नादगुरू पेटीशेजारच्या खुर्चीत बसून, डोळे अर्धवट मिटून म्हणाले. "रिपोर्ट खोटं बोलतात, नाद खोटं बोलत नाही. दोष गुडघ्यात नाही हो, तुमच्या रक्तात आहे. सात बैठका घ्याव्या लागतील!"

शिंप्यानं हात काढला. किंकाळी थांबली. सभागृह शहारलं.

पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेले मामाही शहारले, पण वेगळ्या कारणानं. ते घरच्या मागच्या खोलीत अँप्लिफायर बनवत, जुन्या पद्धतीचे, काचेच्या व्हॉल्व्हचे. मखमल एका बाजूनं सरकली होती आणि तिथे हिरव्या पत्र्यावर तीन काळे स्क्रू आणि एक पितळी दिसत होता. काळे संपले म्हणून तो पितळी त्यांनीच लावला होता.

"मी मुलांना शिकवतो," पेटी बनवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तेव्हा म्हणालं होतं. "फीडबॅक सुलटा जोडला की काय होतं आणि उलटा जोडला की काय, ते दाखवायचंय. पायानं दाबायचं बटण द्या, म्हणजे हात मोकळे राहतील." असं जाणकार गिऱ्हाईक वर्षातून एखादं. मामांनी हौसेनं सर्किट बदलून दिलं होतं. तेव्हा त्या माणसाला दाढी नव्हती.

उठून ओरडावं, असं त्यांना वाटलं. पण 'पेटी तुम्हीच बनवलीत ना?' असं कुणी विचारलं तर? ते उठलेच नाहीत.

"आता आपला नंबर," शेजारी बसलेली ताई कुजबुजली. "मागच्या वेळी पेटी अगदी बारीक वाजली रे. आज गप्प राहिली, की पोरगी सुटली."

"फिटच्या गोळ्या चालू आहेत ना?"

ताईनं नजर चुकवली. "परवापासून बंद केल्यात. गोळ्यांनी नाद अडतो म्हणे."

मामांनी तिचा हात धरला. गोळ्या एकदम बंद करू नका, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. "ताई, ऊठ. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ."

"लोकांसमोर शोभा करू नकोस!"

तोवर भाची पुढे गेलीही होती. एकोणीस वर्षांची, हसरी पोर. तिनं पट्टीवर तळवा ठेवला. एक क्षण, दोन, दहा. पेटी गप्प.

"दोष गेला!" नादगुरूंनी हात उंचावले. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्यातच भाचीचे डोळे फिरले. ती धाडकन जमिनीवर कोसळली. अंग ताठ झालं, झटके सुरू झाले.

"चमचा आणा! तोंडात घाला!"

"तोंडात काहीही घालायचं नाही!" मामा झेपावले. तिला कुशीवर वळवलं, कोट काढून डोक्याखाली सारला, घड्याळ बघितलं. वर टेबलावर पेटी किंचाळायला लागली.

"घाबरू नका!" नादगुरू ओरडले. "शेवटचा दोष बाहेर पडतोय! ऐका कसा किंचाळतोय!"

गर्दीनं हात जोडले. ताईनंही जोडले.

दीड मिनिटानं झटके ओसरले. श्वास सुरळीत झाला. मामा तिथेच गुडघ्यांवर होते. त्यांनी मान वर केली.

"हिचा हात माझ्या हातात आहे," ते म्हणाले. "पट्टीवर कुणाचाच हात नाही. मग पेटी कुणासाठी ओरडतेय?"

किंकाळी तटकन तुटली.

"आता थांबली कशी?" मामांनी विचारलं. "हात कुणी काढला?"

"अश्रद्ध माणसाच्या सावलीनं नाद कोंडतो..."

"कोंडू दे. तुम्ही खुर्ची सोडून चार पावलं मागे व्हा."

नादगुरू जागचे हलेनात. हलला तो म्हातारा शिंपी. लंगडत पुढे आला आणि खुर्चीखालच्या गालिच्याचं टोक धरून त्यानं ओढलं. नादगुरूंच्या वहाणेच्या टाचेखाली काळं बटण होतं, त्यातून निघालेली तार पेटीकडे गेली होती. नादगुरूंचा पाय बाजूला सारून शिंप्यानं स्वतःचा ठेवला. किंकाळी. पाय उचलला. शांत. मग त्यानं पट्टीची तार हिसकली. ती अलगद हातात आली. तिचं टोक पेटीखाली नुसतं चिकटवलेलं होतं.

"ते बटण मी बसवलंय," मामा म्हणाले. "पेटीही मीच बनवलीय."

"म्हणजे हाही सामीलच!" गर्दीतून कुणी तरी ओरडलं.

"बनवताना फसलो. पण आज ओळखूनही लाजेनं गप्प बसलो, ती चूक माझीच. आता ऐका. हा गाणी ऐकायचा अँप्लिफायर आहे. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग एका तारेनं परत आत पाठवतात, पण उलटा करून. यालाच फीडबॅक म्हणतात. तो आवाजाला लगाम घालतो. या बटणानं त्या तारेची टोकं बदलतात. मग लगामाचा चाबूक होतो, आवाज स्वतःच स्वतःला वाढवत सुटतो आणि पेटी किंचाळते. मागे एक गोल बटण आहे, ते फिरवलं की किंकाळी बारीक होते. तुमच्या रक्ताचा हिच्याशी काडीचाही संबंध नाही."

नादगुरू बाजूच्या दाराकडे सरकले. दारात दोघं आडवे उभे राहिले. तिसऱ्यानं पोलिसांना फोन लावला.

भाचीनं डोळे उघडले. "मामा... पेटी वाजली?"

"वाजली. पण तुझ्यामुळे नाही."

"मग मी बरी झाले की नाही?"

"ते पेटीला विचारायचं नाही, बाळा. डॉक्टरांना विचारू. चल."

गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या. महिन्याभरानं मामांनी पोलिसांकडून सोडवून आणलेली पेटी त्याच सभागृहात उघडी मांडली आणि येईल त्याला बटण दाबायला लावलं. शेवटी ताई उभी राहिली.

"मी शिकलेली बाई आहे," ती म्हणाली. "तरी फसले, कारण गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील हे मला ऐकायचंच नव्हतं. जे मला ऐकायचं होतं, तेच त्यानं मला विकलं. म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तोंड उघडा. विचारा, हे कसं झालं? विचारल्याचा ज्याला राग येतो, त्याच्यासमोरून उठा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. नशिबानं नाही, माझा भाऊ शेजारी होता म्हणून पोर वाचली. तुमच्या शेजारी कुणी नसेल, तर तुमचं डोकं तरी असू द्या."